पायाखालची थरथर

थरथर पहिल्यांदा जाणवली ती जुलैमध्ये, चांदणी चौकातून वारज्याकडे उतरताना. पुढच्या टेम्पोने एकदम वेग कमी केला, तिने ब्रेकवर पाय ठेवला आणि पायाखाली काहीतरी फडफडलं. पेडलच्या मागे एखादं पाखरू अडकून पडावं तसं. स्टेअरिंगही हातात किंचित शहारलं. गाडी थांबली. अगदी वेळेवर, अगदी सरळ थांबली. टेम्पो पुढे गेला, मागच्याने हॉर्न वाजवला आणि ती बँकेत जाऊन दिवसभराच्या कामात ही गोष्ट विसरूनही गेली.

दुसऱ्या दिवशी त्याच उतारावर पुन्हा तेच.

संध्याकाळी चिंचवडला घरी आल्यावर तिने चहा घेता घेता विषय काढला. बडोद्याला नोकरीला असलेला नवरा फोनवर म्हणाला, "टायरमधली हवा बघून घे." सासूबाईंनी गाडीला बांधलेली लिंबू-मिरची किती दिवसांत बदललेली नाही, याचा हिशेब केला. आणि अण्णा, म्हणजे सासरे, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "रस्ते कसले झालेत बघतेस ना? गाडी थरथरणार नाही तर काय करील?"

अण्णांच्या शब्दाला घरात वजन होतं. पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस. यंत्राचं काहीही असो, शेवटचा शब्द त्यांचा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं, पण गाडीविषयीचा अधिकार मात्र सोडला नव्हता. आपल्याकडे पुष्कळ घरांत असंच असतं. रोज चाळीस किलोमीटर गाडी हाकणार सूनबाई आणि तिच्या तब्येतीचं निदान करणार घरी बसलेली मंडळी!

तिने वाद घातला नाही. पुढचे तीन दिवस ती फक्त लक्ष देत राहिली. महामार्गावर ऐंशीच्या वेगाने जाताना, ब्रेक न दाबता, स्टेअरिंग अगदी शांत असायचं. ब्रेकवर हलका पाय ठेवला की थरथर सुरू. पाय काढला की बंद. गाडी हळू होत गेली की फडफडही सावकाश होत जायची, आणि थांबता थांबता तर एकेक ठोका मोजता येईल इतकी मंद. रस्ता बदलून पाहिला, नव्याकोऱ्या डांबरावरही तेच. चौथ्या दिवशी तिने अण्णांना एवढंच सांगितलं, "अण्णा, रस्ता खराब असता तर ब्रेक न दाबताही हादरे बसले असते ना?"

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

तिने जे केलं ते कुणालाही करता येण्यासारखं आहे आणि त्यातच निम्मं निदान आहे. ब्रेक न दाबता ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर दुखणं बहुधा चाकाच्या बॅलन्सिंगचं किंवा टायरचं. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर संशयित एकच, चाकामागची ब्रेकची चकती, म्हणजे डिस्क. गाडी एका बाजूला ओढली जात असेल तर दोन चाकांचे ब्रेक सारखे धरत नाहीत. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की एबीएस असलेल्या गाडीचं पेडल पायाखाली खडखडतं. तो बिघाड नव्हे. चाक घसरू नये म्हणून यंत्रणा ब्रेक सेकंदात अनेकदा सोडते आणि धरते, त्याची ती जाणीव. पण कोरड्या रस्त्यावर, हलक्या ब्रेकला, रोजच्या रोज होणारी थरथर ती ही नव्हे.

गणपती आठ दिवसांवर आले होते. माणगावच्या पुढे असलेल्या मूळ घरी दरवर्षीप्रमाणे जायचं होतं, ताम्हिणी घाटातून. गाडी चालवणार ती, शेजारी अण्णा, मागे सासूबाई आणि सहा वर्षांची नात. नवरा बडोद्याहून रेल्वेने परस्पर माणगावला उतरणार होता. घाट उतरायचा आहे म्हटल्यावर तिने एका शनिवारी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तासाभराने एक तरुण हातात टॅब घेऊन आला. "मॅडम, पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलावे लागतील. साडेआठ हजार होतील."

"का बदलायच्या?"

"घासल्यात, मॅडम."

घरी हा आकडा ऐकून अण्णा उसळलेच. "पॅड डिसेंबरमध्ये बदललेत! आठ महिन्यांत पॅड जातात? आणि डिस्क काय बिस्किट आहे का झिजायला? घाबरवायचं आणि पैसे काढायचे, दुसरं काही नाही."

अण्णांचा संशय अगदीच निराधार नव्हता. ब्रेक हा शब्द असा आहे, की त्याच्यापुढे घासाघीस करायची कुणाची छाती होत नाही. लेकरंबाळं मागे बसवून जाणारा माणूस निमूटपणे पाकीट काढतो. म्हणून 'घासल्यात' एवढ्या एका शब्दावर गाडी सोडू नये. किती घासल्या, किती चालतात, हे विचारावं. या दुखण्याला ताप मोजायचा असतो तसा आकडा असतो. तो कुठे लिहिलेला असतो तेही सांगता येतं. डिस्कच्या मधल्या उंच भागावर किंवा कडेवर किमान जाडी इंग्रजीत कोरलेली असते, अमुक मिलिमीटर. त्याखाली गेली की डिस्क बाद. नव्या आणि बाद डिस्कमधलं अंतर बहुतेक छोट्या गाड्यांत जेमतेम दोन मिलिमीटरचं असतं. मोटारसायकलची डिस्क तर मुळातच चार-पाच मिलिमीटरची, तिथे सगळा खेळ अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा.

रविवारी सकाळी अण्णा गाडी घेऊन, म्हणजे सुनेला गाडी चालवायला लावून, कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गेले. तिथला मेकॅनिक ओळखीचा. त्याने चाक न काढताच, मिश्रधातूच्या चाकाच्या आऱ्यांतून टॉर्च मारला. डिस्क आरशासारखी चकाकत होती. मग अण्णांच्या समाधानासाठी त्याने डावं चाक काढलं, व्हर्नियर आणला आणि डिस्कच्या कडेला लावला.

"काका, बावीसला किंचित कमी! नवी बावीसचीच असते. नवीकोरी आहे तुमची डिस्क."

अण्णा सुनेकडे बघून हसले. साडेआठ हजार वाचले होते. परतताना त्यांनी पाव किलो पेढे घेतले.

ती काही बोलली नाही. सोसायटीच्या फाटकाशी तिने ब्रेक दाबला, पाखरू पुन्हा फडफडलं.

अण्णांची उमेद ड्रमच्या जमान्यात गेलेली. पद्मिनी काय, अ‍ॅम्बॅसेडर काय, चारही चाकांना डब्यासारखे ड्रम. आत लायनर, ते पसरून ड्रमला आतून घासणार. ड्रमला चरे पडले की कोपऱ्यावरच्या लेथवर नेऊन आतून छिलून आणायचा, नवे लायनर घालायचे, की पुन्हा वर्षानुवर्षं बघायला नको. ड्रमचा दोष एकच, तो बंद डबा. घाटात उष्णता आत कोंडते, ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जायला लागतं. डिस्क उघडी असते, तिला वारा लागतो. ही कल्पना काही आजची नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने तिचं पेटंट १९०२ मध्ये घेतलं होतं. पण ती खरी गाजली १९५३ मध्ये, जॅग्वारच्या गाडीने डिस्क ब्रेकच्या बळावर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत मारली तेव्हा. १९५५ मध्ये सिट्रोएनने आपल्या डीएस गाडीला पुढे डिस्क दिल्या. आपल्याकडे त्या छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांत कितीतरी उशिरा आल्या, आणि अजूनही पुष्कळ गाड्यांच्या मागच्या चाकांत ड्रमच असतात.

डिस्क बिडाची असते. बिडाचा तवा ज्या घरात आहे त्या घरात तिचा स्वभाव वेगळा सांगायला नको. उष्णता भरपूर घेतो, धरून ठेवतो, पण तापलेला असताना गार पाणी ओतलं तर दगा देतो. आणि तापते तरी किती? माणसं आणि सामान धरून तेराशे किलोची गाडी ऐंशीच्या वेगावरून एकदा पूर्ण थांबवली, तर जी उष्णता निघते तिच्यात एक लिटर पाण्याला उकळी फुटेल. पाचशे मीटर उंचीचा घाट नुसत्या ब्रेकवर उतरला तर वीस लिटर पाणी उकळण्याइतकी. ती सगळी त्या चकत्यांनी आणि पॅडनी पचवायची. म्हणूनच चकती पातळ झाली की प्रश्न नुसता ती मोडेल का हा नसतो. पातळ तवा लवकर लाल होतो, तशी ती लवकर तापते, उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं. ताजं असताना डॉट ३ दर्जाचं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेलं १४० अंशांनाही उकळू शकतं. एकदा नळीत वाफ झाली की पेडल स्पंजसारखं दबतं आणि गाडी थांबत नाही. असा प्रसंग गल्लीत येत नाही. तो घाटातच येतो.

सोमवारी रात्री सासूबाई गणपतीची तयारी काढून बसल्या होत्या. समई, निरांजन, तांब्याची पळी, आणि सहाण. अण्णांच्या आईची सहाण, चार पिढ्यांचं चंदन तिच्यावर उगाळलेलं. सासूबाईंनी ती धुऊन जमिनीवर ठेवली. नातीने खेळता खेळता आपली प्लॅस्टिकची पट्टी तिच्यावर आडवी टाकली आणि पट्टीखालून बोट घालून म्हणाली, "आजोबा, बघा, खालून बोगदा!"

अण्णा बघत राहिले. सहाण मध्ये खोल गेलेली, काठ मात्र होते तसे. पट्टी दोन्ही काठांवर टेकलेली आणि मधे पोकळी.

ते उठले. सुनेच्या खोलीच्या दाराशी जाऊन हळूच म्हणाले, "झोपलीस का गं? त्या पोराने व्हर्नियर कुठे लावला होता, तू पाहिलंस?"

"कडेला. का?"

"कडेलाच ना." एवढंच बोलून ते माघारी फिरले.

तीस-तीस अप्रेंटिसांना ज्या माणसाने हेच शिकवलं, की माप जिथे झीज आहे तिथे घ्यायचं, त्याच्याच डोळ्यांदेखत कुणीतरी कडेचं माप घेऊन गेलं होतं. डिस्कच्या अगदी बाहेरच्या काठाला पॅड लागत नाही, तो भाग झिजत नाही. आतला भाग झिजत जातो आणि काठ ओठासारखा उभा राहतो. व्हर्नियरचे सरळ जबडे त्या दोन ओठांवर टेकतात आणि डिस्क नवी असल्याचा दाखला देतात. चकाकी म्हणाल तर रोज घासलं जाणारं लोखंड चकाकणारच. उलट पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो आणि लोक घाबरतात. तो दोन-चार ब्रेकमध्ये पुसला जातो, त्याने काही बिघडत नाही. महिनोन् महिने गाडी जागची हलली नाही तर गंज खोल जातो, ती गोष्ट वेगळी. २०२० च्या टाळेबंदीनंतर पुष्कळांच्या गाड्यांनी तो अनुभव दिला.

मंगळवारी पहाटे अण्णांनी कपाट उघडलं. आतल्या अंगाला मखमल लावलेली लाकडी पेटी काढली. शून्य ते पंचवीसचा मायक्रोमीटर, निवृत्तीच्या वेळी स्वतःच्या पैशाने घेतलेला. धोतराच्या जुन्या फडक्याने त्याचे जबडे पुसले, शून्य तपासलं आणि सुनेला हाक मारली. "चल, जॅक काढ. ऑफिसला अर्धा तास उशीर होईल, चालेल?"

सोसायटीच्या आवारात सपाट जागी गाडी उभी केली, मागच्या चाकांना विटा लावल्या. डावं चाक तिने काढलं. अण्णांनी आधी डिस्कच्या बाहेरच्या अंगावरून नख फिरवलं. गुळगुळीत, पण काठाशी नख अडकलं. ओठ होता. मग त्यांनी स्टेअरिंग पूर्ण वळवायला लावलं, गुडघ्यावर बसून टॉर्च आतल्या अंगावर मारला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

तिनेही वाकून पाहिलं. बाहेरून आरसा असलेली चकती आतून नांगरलेल्या शेतासारखी होती. एकाभोवती एक चरे, मध्ये मध्ये निळसर काळे डाग. फार तापल्याची ती खूण.

अण्णांनी काठापासून बोटभर आत मायक्रोमीटर लावला. एक माप. डिस्क थोडी फिरवून दुसरं. असं आठ ठिकाणी. ते आकडे सांगत गेले, ती नातीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेली. सर्वांत जाड जागी १९.६६, सर्वांत पातळ जागी १९.६२. डिस्कवर कोरलेलं होतं, किमान २०.

"चार शतांश," अण्णा म्हणाले.

"म्हणजे?"

"एक मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले चार. एवढाच फरक आहे जाडीत. पण ऐंशीच्या वेगाला चाक सेकंदाला बारा फेरे घेतं. जाड जागा आली की पॅड मागे ढकललं जातं, पातळ आली की पुढे येतं. सेकंदाला बारा वेळा. त्याचाच ठोका तुझ्या पायाला लागत होता." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या पायाने चार शतांश ओळखले गं. आमच्या टूलरूममध्ये मायक्रोमीटरशिवाय कुणाला जमलं नसतं."

गॅरेजमधले लोक याला 'डिस्क वाकली' म्हणतात. ती बहुधा वाकलेली नसते, जागोजागी कमीजास्त झिजलेली असते. डिस्क बसवताना तिच्या मागच्या हबवरचा गंज साफ केला नाही, तरी ती केसभर तिरकी बसते. मग प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच जागी घासत राहते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. तोवर काम कुणी केलं, कधी केलं, हे सारेच विसरलेले असतात. चाकाचे नट हवेच्या बंदुकीने वेडेवाकडे आवळले तरी हेच होतं.

उजवीकडची डिस्क २०.४० भरली. चरे नव्हते. अण्णांच्या कपाळावर आठी पडली. एकच बाजू का झिजावी? त्यांनी डाव्या कॅलिपरला हाताने धरून पुढेमागे सरकवून पाहिलं. हलेना. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो, म्हणून पॅड दोन्ही अंगांनी सारखे दाबले जातात. पिना गंजून धरल्या, की सगळा भार दट्ट्याच्या बाजूच्या, आतल्या पॅडवर. बाहेरचं पॅड सात मिलिमीटर शिल्लक होतं, आतलं जेमतेम तीन. पॅड तीनवर आलं की बदलायची वेळ झालीच. पुष्कळ पॅडना एक पत्र्याची जीभ असते, पॅड संपत आलं की ती डिस्कला लागून किंचाळते. त्या किंचाळीकडे दुर्लक्ष केलं की पुढे खरखर सुरू होते, आणि खरखर म्हणजे लोखंडावर लोखंड. तिथपर्यंत गेलं की डिस्कचं काही खरं नाही. तडा दिसला तर मोजायचंही नाही, गाडी हलवायचीच नाही.

अण्णा वर गेले आणि बिलांची फाईल घेऊन खाली आले. डिसेंबरचं बिल. पॅडचा संच, मजुरी. आणि त्याच्या आधी गॅरेजवाल्याने दिलेला अंदाजाचा कागद. त्यावर तिसरी ओळ होती, 'कॅलिपर पिना साफ करून ग्रीस लावणे, डिस्क तपासणे, रु. ४००'. त्या ओळीवर लाल पेनाची रेघ मारलेली होती. रेघ पट्टी लावून मारल्यासारखी सरळ. घरात तशी रेघ एकच माणूस मारायचा.

ती कागदाकडे बघून गप्प राहिली. त्या आठ महिन्यांत लेकीला शाळेत सोडलं होतं, दोनदा लोणावळ्याला जाऊन आली होती, मे महिन्यात महाबळेश्वरहून पसरणीचा घाट उतरली होती. मागच्या सीटवर कोण कोण होतं ते तिला आठवत होतं.

"डिसेंबरात ही डिस्क किती होती, आता कुणालाच सांगता येणार नाही," अण्णा म्हणाले. "मोजू दिलीच नाही मी." कागदाची घडी घालायला त्यांना वेळ लागला. "तू महिनाभर सांगत होतीस आणि मी रस्त्याला नावं ठेवत होतो."

"अण्णा, सेंटरवाल्यांनी तरी पिनेचं कुठे सांगितलं? नुसत्या डिस्क बदलल्या असत्या तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच."

"त्यांचं त्यांच्याकडे. ही रेघ माझी आहे."

ती ऑफिसला निघाली, बसने. गाडी तिथेच उभी राहिली.

बुधवारी सर्व्हिस सेंटरऐवजी काम कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्येच झालं, पण अण्णांच्या देखरेखीखाली. मेकॅनिक बिचारा ओशाळला होता. अण्णांनी त्याला रागावलं नाही. त्याच्या हातात मायक्रोमीटर दिला, काठावर व्हर्नियर आणि आत मायक्रोमीटर, दोन्ही मापं त्याच्याकडूनच घ्यायला लावली. सव्वादोन मिलिमीटरचा फरक पाहून त्याने कानाला हात लावला.

मग अण्णांमधला काटकसरी माणूस एकदा पुन्हा जागा झालाच. "उजवी अजून २०.४० आहे. ती राहू दे की."

"नको काका. एक नवी, एक जुनी झाली तर दोन बाजू सारख्या धरणार नाहीत. आणि राहिलंय किती? चार दशांश. नव्या पॅडबरोबर ती वर्षभरसुद्धा पुरायची नाही."

"बरं, डावी लेथवर छिलून?"

"काका, छिलायला मटेरियल कुठे उरलंय? किमान मापाच्या खाली आहे ती आधीच."

अण्णा हसले. ड्रमच्या काळातला तो उपाय आता क्वचितच लागू पडतो, कारण डिस्कमध्ये छिलायला जाडीच ठेवलेली नसते. जरा जाड असताना चरे पडले, आणि छिलूनही किमान मापाच्या वर राहणार असेल, तरच त्या वाटेला जावं.

दोन्ही हब तारेच्या ब्रशने घासून पांढरे केले. नव्या डिस्कवरचा गंजरोधक तेलाचा थर क्लीनरने पुसला. पिना बदलल्या, त्यांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावलं. ब्रेक ऑइल दोन वर्षांचं झालं होतं, तेही बदललं. चाकाचे नट हवेच्या बंदुकीने नाही, समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क पान्याने आवळले. हे सगळं होईस्तोवर अण्णा स्टुलावर बसून होते. बिल सात हजार दोनशे झालं. अण्णांनी ते पाकिटातून दिलं आणि सुनेने पुढे केलेले पैसे घेतले नाहीत.

नव्या पॅडना आणि डिस्कना एकमेकांची ओळख व्हावी लागते. त्या संध्याकाळी रावेतच्या मोकळ्या रस्त्यावर तिने साठच्या वेगावरून वीसपर्यंत, गाडी पुरती न थांबवता, वीस-पंचवीस वेळा मध्यम ब्रेक दाबले, मध्ये मध्ये वारा खायला वेळ देत. शेजारी बसलेले अण्णा मोजत होते. पायाखाली काहीही नव्हतं. इतकं काहीही नव्हतं, की तिला थोडा वेळ चुकल्याचुकल्यासारखं झालं.

शनिवारी पहाटे निघाले. मुळशीच्या पुढे पाऊस लागला, ताम्हिणीत धुकं. उतार सुरू होताच अण्णा म्हणाले, "ज्या गिअरमध्ये हा चढ चढली असतीस…"

"…त्याच गिअरमध्ये उतरायचा. माहीत आहे, अण्णा."

तिने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. इंजिनने वेग धरून ठेवला, ब्रेक फक्त वळणापुरता. पुढे एक पर्यटकांची मोठी गाडी होती, तिचे ब्रेकचे लाल दिवे उतारभर विझलेच नाहीत. खिडकीतून जळकट वास आला तसा तिने अंतर वाढवलं. एका धबधब्याशी तीच गाडी थांबलेली दिसली. मंडळी उतरून हसतखेळत बादलीने चाकांवर गार पाणी मारत होती. अण्णांनी काच खाली केली. "अहो, तापलेल्या चाकावर पाणी मारू नका, निवू द्या आधी!" कुणी ऐकलं नसावं, धबधब्याचा आवाज मोठा होता.

विळे गेलं, निजामपूर गेलं. माणगाव स्टेशनच्या आवारात गाडी लावली तेव्हा गाडी यायला अजून वीस मिनिटं होती. सासूबाई नातीला घेऊन फलाटाकडे गेल्या. अण्णा खाली उतरून गाडीला वळसा घालून आले. डाव्या चाकाशी वाकले, आऱ्यांपासून वीतभर अंतरावर उलटा तळहात धरला. मग उजव्या चाकाशी जाऊन तसाच धरला. पुन्हा डावीकडे आले, पुन्हा उजवीकडे गेले.

ती बॉनेटला टेकून बघत होती. "काय म्हणतंय?"

"सारखं आहे," अण्णा म्हणाले. "दोन्हीकडे सारखं गरम आहे."